फळ्यावरचे तीन ठिपके

माझ्या सुनेची नोकरी जाता जाता राहिली, आणि ती घालवायला निघालेली बाई मीच. रागाने नाही, द्वेषाने नाही. हातात टोक केलेली शिसपेन्सिल घेऊन, चष्मा नीट पुसून, पूर्ण शुद्धीत असताना मी हे केलं. वर मनात म्हणत होते की मी तिला मदत करतेय.

गेल्या वर्षी गणपती उठून गेल्यावरची ही गोष्ट. घाटकोपरच्या एका शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली होती. सुनेने बी.एड. केलं, तीन वर्षं शिकवलं, मग नात झाली आणि ती घरी बसली ती आठ वर्षं. मधल्या काळात चार शाळांचे उंबरठे झिजवून झाले होते. कुठे वय नडलं, कुठे ही मधली आठ वर्षं. या शाळेत मात्र मुलाखत झाली, कागदपत्रं पसंत पडली आणि आता फक्त पाठ द्यायचा उरला होता. म्हणजे संस्थेच्या माणसांसमोर खऱ्या वर्गावर खरा तास घ्यायचा. इयत्ता सातवी, विषय त्यांनीच ठरवून दिलेला: तिन्ही बाजू दिल्या असता त्रिकोण काढणे. स्मार्ट बोर्ड चालणार नाही, फळ्यावर खडूने रचना करून दाखवायची. पाठ पसंत पडला तर नोकरी, नाही तर पुढचा उमेदवार.

फोन आला त्या संध्याकाळी गवारीच्या शिरा काढता काढता ती मला म्हणाली, "आई, हे नाही झालं तर बी.एड.ची पुस्तकं रद्दीत घालणार. परत कुठे अर्ज करणार नाही मी." हे ती रडून म्हणाली असती तर मी पाठीवरून हात फिरवला असता. पण ती एकेक शेंग मोडत, भाजीत मीठ किती घालायचं हे विचारावं तशा आवाजात म्हणाली. त्या आवाजाची मला धास्ती बसली.

मी स्वतः मुलुंडच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूमिती शिकवली. निवृत्त झाले तेव्हा शाळेने शाल आणि नारळ दिला, आणि मी मागून घेतला तो फळ्यावरचा लाकडी कंपास. एका पायाला रबरी बूच, दुसऱ्याला खडू अडकवायची पितळी कडी, आणि वर दोन्ही पाय आवळायचा एक स्क्रू. हा स्क्रू माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ढिला होता. घाटकोपरच्या शाळेने सांगितलं होतं की साधनं आपापली आणा, त्यामुळे आमचा हा जुना सोबती माळ्यावरून खाली उतरला.

सराव गच्चीवर. पाण्याच्या टाकीची एक भिंत शेवाळाने काळी पडली होती, तीच फळा झाली. नात शाळेत गेली की आम्ही दोघी वर. सून शिकवायची, मी कठड्यावर सातवीचा वर्ग होऊन बसायची. तिचं शिकवणं चांगलं होतं, हे मी आज सांगते, तेव्हा सांगितलं नाही. आधी ती हाताने कच्ची आकृती काढायची, तिच्यावर मापं लिहायची, म्हणजे काय काढायचंय ते पोरांना आधी दिसतं. मग पट्टीने पाया. मग कंपासात एका बाजूचं माप घेऊन पायाच्या एका टोकावरून कंस, दुसऱ्या बाजूचं माप घेऊन दुसऱ्या टोकावरून कंस. दोन कंस जिथे छेदतात तो तिसरा बिंदू. मुद्दे सगळे ठीक. पण कंस मारताना मध्येच स्क्रू सैल पडायचा, पाय फाकायचे आणि पन्नासचं माप बावन्न व्हायचं. तिची नजर लगेच माझ्याकडे. आणि मी काय करायची? जीभ टाळ्याला लावून च् च् करायची. एकतीस वर्षांची सवय.

आठ दिवसांत तिचा निम्म्याहून जास्त वेळा त्रिकोण चुकला. नंतर वरच्या मजल्यावरच्या शेजारणीने मला सांगितलं की तुम्ही खाली गेल्यावर ती एकटीच काढत बसायची आणि तेव्हा सगळे बरोबर यायचे. पण हे कळलं नंतर. तेव्हा मी एवढंच पाहत होते की पाठ तोंडावर आलाय आणि हिचे कंस भरकटतायत. आणि मग मला माझी जुनी युक्ती आठवली.

या युक्तीसाठी मला तुम्हाला एका बाईची ओळख करून द्यावी लागेल. वय तेवीस, स्टार्च केलेली साडी, अंबाडा इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या. वर्गात शिरताना ही बाई आधी आपली सावली नीट पडलीय का ते बघायची. मुलं तिला घाबरतात म्हणजे तिला भूमिती येते, असा तिचा समज होता. आज भेटली तर मी तो अंबाडा धरून तिला दोन आणे कमी शहाणं करीन. ती मीच, हे सांगायला नकोच.

तर या बाईंना पहिल्याच वर्षी तपासणी लागली. साहेब येणार, वर्गात बसणार, शेरा लिहिणार. बाईंचा कंपास तेव्हाही ढिला. मग शाळेतल्या एका अनुभवी बाईंनी त्यांना कानात एक गोष्ट सांगितली: सकाळी लवकर ये, रिकाम्या वर्गात फळ्यावर शिसपेन्सिलने तिन्ही शिरोबिंदूंचे ठिपके देऊन ठेव. काळ्या फळ्यावर शिसं समोरून दिसत नाही, फक्त जवळ उभ्या असलेल्या बाईला दिसतं. मग कंपास कसाही सरको, आपण कंस त्या ठिपक्यातून न्यायचा. त्या काळी कितीतरी शिक्षक असं करायचे. पाठाच्या दिवशी स्वच्छ पुसलेल्या फळ्याकडे बघून मला अजूनही वाटतं की तो पूर्ण कोरा नसणार.

बाईंनी तसंच केलं. साहेब शेवटच्या बाकावर बसले आणि दहा मिनिटांनी म्हणाले, जरा मापं बदलून दाखवा. आता ठिपके जुन्या मापांचे. दुसरं कोणी असतं तर ठिपके विसरून नव्याने काढलं असतं. आमच्या बाईंनी त्याच ठिपक्यांवर तोच त्रिकोण काढला आणि बाजूंवर नवी मापं लिहून टाकली. साहेबांनी मान डोलावली. पुढच्या बाकावरची एक मुलगी, जी आपल्या वहीत खरोखर नवी मापं घेऊन काढत होती, उठून म्हणाली, बाई, माझा असा येत नाहीये. बाई म्हणाल्या, तुझा कंपास ढिला आहे, खाली बस. शेरा आला, उत्कृष्ट. त्या मुलीने नंतर वर्षभर भूमितीच्या तासाला हात वर केला नाही. बाईंना वाटलं, आता ती शहाणी झाली.

इतकं सगळं ठाऊक असून मी ती युक्ती पुन्हा वापरायची ठरवली. मोह वगैरे काही नव्हता. मी आदल्या दिवशी घरी बसून तयारी केली. सुनेच्या पाठाच्या टाचणात मापं होती सात, सहा, पाच. फळ्यावर दसपट काढायची, म्हणजे सत्तर, साठ आणि पन्नास सेंटिमीटर. मी एक पक्का दोरा एकशेदहाचा कापला आणि साठवर गाठ मारली. दोऱ्याची टोकं पायाच्या दोन टोकांना सेलोटेपने चिकटवायची, गाठ पेन्सिलीने वर ताणायची, बिंदू हजर. पूर्वी मी ड्रॉइंगपिना टोचायची, सेलोटेप ही सुधारणा. दोरा, पेन्सिल आणि टेप पर्समध्ये, औषधांच्या डबीखाली.

सुनेला सांगितलं की लाकडी सामान तुला एकटीला उचलवणार नाही, मी येते. ती म्हणाली, या, पण बाहेर बसायचं. मी लगेच हो म्हणाले. इतक्या लगेच हो म्हटल्यावर तिला संशय यायला हवा होता. पण रिक्षात ती टाचण मांडीवर उघडून ओठ हलवत बसली होती. भांडुप गेलं, विक्रोळी गेली, तिने एकदाही मान वर केली नाही. तिचे तळवे घामाने ओले होते आणि टाचणाच्या कडेला बोटांचे डाग पडले होते. मी पर्स घट्ट धरून बसले.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना चालू होती. मुख्याध्यापिकांनी सुनेला मूळ कागदपत्रं दाखवायला ऑफिसात बोलावलं. मला शिपाई म्हणाला, आजी, सामान सातवी अ मध्ये ठेवा, वर्ग रिकामा आहे. देवाने सुद्धा इतकी सोय करून द्यायला नको होती. मला चार मिनिटं लागली. मापं मीटरपट्टीने दोनदा तपासली. वयाची बहात्तर वर्षं पूर्ण झालेली बाई फळ्याला नाक लावून, दाताखाली दोरा धरून उभी आहे, हे दृश्य कोणी पाहिलं असतं तर मला डॉक्टरकडे नेलं असतं. तीन ठिपके दिले, लांब जाऊन पाहिलं. काही दिसत नव्हतं. झकास. मग बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले, जाळीच्या खिडकीतून वर्ग दिसेल अशी.

मला वाटलं होतं, सून फळ्याजवळ गेली की ठिपके तिला दिसतील आणि ती समजून घेईल. आधी सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती. म्हणून सांगितलं नाही. इथपर्यंत माझी अक्कल चालली. पुढे काय, याचा मी विचार केला नव्हता.

वर्ग भरला. चाळीसेक पोरं. मुख्याध्यापिका मागे बसल्या. त्यांच्याबरोबर संस्थेचे एक विश्वस्त होते, साठीचे, शर्टाच्या खिशाला तीन पेनं. त्यांना मागे जागा होती. पण त्यांनी उकडतंय म्हणून खुर्ची पलीकडच्या खिडकीशी ओढून घेतली, फळ्याच्या अगदी बाजूला. आमच्या वेळी तपासणीचा माणूस शेवटच्या बाकावरच बसायचा. शिसपेन्सिल समोरून दिसत नाही हे खरं. पण उजेड व्हरांड्याच्या अंगाने येत असेल आणि बघणारा पलीकडच्या अंगाला बसला असेल तर काळ्या फळ्यावर शिसं चकाकतं. एकतीस वर्षांत मी कधी फळ्याच्या बाजूला बसलेच नव्हते, मला काय माहीत.

सुनेने पाठ सुरू केला. आवाज पहिल्यांदा थोडा कापला, मग स्थिरावला. कच्ची आकृती काढली, पोरांकडून मापं वदवून घेतली. मग मीटरपट्टी घेऊन पाया काढायला फळ्याशी गेली आणि थांबली. खडू हवेत. तिची मान मागून मला दिसत होती. ती ताठ झाली. तिला ठिपके दिसले होते आणि ते कोणाचे हेही कळलं होतं, कारण ती मापं जगात दोघींनाच ठाऊक होती.

किती वेळ ती थांबली असेल, तीन सेकंद. मग तिने पट्टी वीतभर खाली सरकवली आणि माझ्या ठिपक्यांना ओलांडून, स्वच्छ फळ्यावर नवा पाया आखला. मी बाकावर बसून मनात तिला वेडी म्हणत होते. अगं, वर घे, वर. तिने वर घेतलं नाही. कंपास उघडला, स्क्रू अंगठ्याने दाबून धरला, साठचा कंस, पन्नासचा कंस. छेदले. बाजू जोडल्या. पोरांनी आपापल्या वहीत काढलं, ती बाकांमधून फिरत प्रत्येकाचं बघत होती. माझा श्वास मोकळा झाला.

तेवढ्यात विश्वस्त उठले. फळ्याजवळ गेले, मान तिरकी करून पाहिलं, माझ्या पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. टेबलावरची मीटरपट्टी घेतली आणि मोजलं. सत्तर. साठ. पन्नास. त्यांनी सुनेला विचारलं की हे काय आहे. ती म्हणाली, मला माहीत नाही सर, मी काढले नाहीत. ते म्हणाले, तुमच्याच टाचणातली मापं आहेत. घंटा झाली. मुख्याध्यापिकांनी पोरांना बाहेर सोडलं आणि दार लोटून घेतलं.

खिडकी मात्र उघडी होती. विश्वस्त आवाज चढवत नव्हते, म्हणूनच जास्त ऐकवत नव्हतं. फळ्यावर आधी खुणा करून ठेवणं ही फसवणूक आहे, असं ते म्हणाले. मुलांना आपण हेच शिकवायचं का, असं विचारलं. तुम्ही केलं नाही तर ठिपके आपोआप उमटले का. ही मापं तुमच्याशिवाय कोणाला माहीत होती.

इथे तिला फक्त दोन शब्द बोलायचे होते. सासूबाई, बाहेर. ती बोलली नाही. तिने एवढंच परत सांगितलं की मी काढले नाहीत. मग ती फळ्याकडे बघत उभी राहिली.

आता मी लगेच आत धावले असं लिहायला मला आवडलं असतं. मी उठले आणि पाण्याच्या कूलरपाशी गेले. पेला भरला, प्यायले, दुसरा भरला. पाण्याची तहान मला मुळीच नव्हती. आत गेले तर लोक हसतील, म्हातारीने पोरीची वाट लावली म्हणतील, मुलगा काय म्हणेल, असं सगळं डोक्यात चालू होतं. आणि खरं सांगायचं तर तेवीस वर्षांची ती बाई माझ्या शेजारी उभी राहून सांगत होती की गप्प राहा, गप्प राहिल्याने शेरा उत्कृष्ट येतो. बघा, अंबाडा गेला, साडीचा स्टार्च गेला, ही बया काही गेली नाही.

आतून मुख्याध्यापिकांचा आवाज आला. त्या म्हणत होत्या, ठीक आहे, तुमची कागदपत्रं ऑफिसातून परत घेऊन जा.

पेला तिथेच ठेवून मी दार ढकललं.

"ठिपके माझे आहेत," मी म्हणाले.

विश्वस्तांनी वळून विचारलं की आपण कोण. मी सांगितलं, हिची सासू, निवृत्त शिक्षिका. त्यांनी सुनेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी माझ्यावर विश्वासच ठेवला नाही. म्हणाले, आजी, सुनेसाठी तुम्ही पुढे आलात, फार चांगलं वाटलं, पण हे असं स्वतःवर घेऊ नका. मुख्याध्यापिकाही मान हलवू लागल्या. आयुष्यभर खोटं पचलं आणि आज खरं बोलले तर कोणी घेईना.

मी पर्स उघडली. औषधांची डबी टेबलावर, टेप टेबलावर, पेन्सिल टेबलावर आणि दोरा. विश्वस्तांना म्हटलं, हे टोक या ठिपक्यावर धरा, आणि मुख्याध्यापिकांना, बाई, तुम्ही ते टोक धरा. दोघांनी धरलं. मी गाठ वर ताणली. गाठ बरोबर तिसऱ्या ठिपक्यावर जाऊन बसली, केसाएवढा फरक नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला थोडा अभिमान वाटला. बहात्तराव्या वर्षी हात असा स्थिर राहणं सोपं नाही. मग सुनेच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि मी दोरा सोडला.

विश्वस्त दोरा बोटाला गुंडाळत उभे राहिले. म्हणाले, ठिपके तुमचे, मान्य. पण दोघींनी मिळून ठरवलं नव्हतं कशावरून?

मी म्हटलं, ठरवलं असतं तर तिने ठिपक्यांवरच काढला असता. तिचा त्रिकोण बघा, वीतभर खाली आहे. ती माझ्या खुणा सोडून गेली.

मुख्याध्यापिका फळ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते पटलं असावं. विश्वस्तांना अर्धंच पटलं. त्यांनी सांगितलं की हा पाठ धरता येणार नाही. पुढच्या तासाला सातवी ब आहे. तिथे पुन्हा घ्या. मापं मी देईन, तीही वर्गात गेल्यावर. त्यांचं वाक्य संपायच्या आत सून हो म्हणाली. मग त्यांनी माझी पर्स मागितली. मी दिली. मला शेवटच्या बाकावर, दोन्ही हात डेस्कवर दिसतील असं बसायला सांगितलं. मी बसले. शेजारच्या दोन पोरी माझ्याकडे बघून खुदखुदत होत्या. वर्गातल्या सगळ्यात संशयित विद्यार्थ्यासारखी माझी बैठक होती.

मापं आली आठ, साडेपाच, साडेचार. म्हणजे फळ्यावर ऐंशी, पंचावन्न, पंचेचाळीस. तास अर्धा उरला होता. सुनेने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. कच्ची आकृती, पाया, डावीकडून पंचावन्नचा कंस. उजवीकडून पंचेचाळीसचा कंस ओढताना मला लाकूड करकरल्याचा आवाज आला. तो आवाज मी एकतीस वर्षं ऐकलाय. स्क्रू सुटला होता. पाय फाकले होते. मी दात आवळून धरले. च् च् केलं नाही, शपथ. कंस छेदले, तिने बाजू जोडल्या. फळ्यावर एक त्रिकोण उभा राहिला, दिसायला नीटनेटका आणि चुकलेला. मला शेवटच्या बाकावरून कळत होतं. विश्वस्तांना कळलं का ते कळत नव्हतं. त्यांनी हाताची घडी घातली होती.

पोरं वहीत काढत होती. सून फिरत होती. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी खोडरबर घासत होती. घासून घासून कागद फाटायला आला. सुनेने तिला विचारलं काय झालं.

"टीचर, तुमचा उंच आलाय," ती म्हणाली, "माझा बुटका येतो. तीनदा काढला."

घंटेला सात मिनिटं उरली होती. सून तिच्या वहीवर वाकली, मुलीच्याच पट्टीने तिन्ही बाजू मोजल्या. मग फळ्याशी गेली, मीटरपट्टी उजव्या बाजूला लावली आणि आकडा वाचायला जरा वेळ घेतला. त्या वेळात ती काय काय बोलू शकली असती ते सगळं मला पाठ होतं. तुझा कंपास ढिला आहे. पेन्सिलीला टोक नाही. खाली बस.

"ही बाजू पंचेचाळीस हवी, बावन्न आलीय," सून वर्गाला म्हणाली. "माझा कंपास सरकला. हिचा त्रिकोण बरोबर आहे, फळ्यावरचा चूक आहे."

विश्वस्तांनी खिशातलं एक पेन काढलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बहुतेक चूक. सुनेने चुकलेला कंस आणि दोन बाजू पुसल्या, पाया आणि डावा कंस तसाच ठेवला. त्या मुलीला पुढे बोलावलं आणि तिला कंपासाच्या वरचा स्क्रू दोन्ही हातांनी आवळून धरायला सांगितलं. मुलगी चवड्यांवर उभी. माप पुन्हा घेतलं, पुन्हा पट्टीवर ताडून पाहिलं. कंस ओढला. छेदला. बाजू जोडायला पट्टी लावली तेवढ्यात घंटा झाली. पोरं हलली नाहीत. तिने दोन्ही बाजू जोडल्या, मोजल्या आणि मगच खडू खाली ठेवला.

आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, कळवू. विश्वस्तांनी माझी पर्स परत दिली. त्यात दोरा नव्हता, तो त्यांनी ठेवून घेतला असावा. मी मागितला नाही.

रिक्षात सून बाहेर बघत बसली. कांजूरमार्गच्या सिग्नलला रिक्षा बराच वेळ उभी राहिली. तेव्हा ती माझ्याकडे न वळता म्हणाली, "मला जमेल असं तुम्हाला वाटत नव्हतं. एवढंच ना?"

मला पुष्कळ काही सांगता आलं असतं. काळजी होती, जुनी सवय, तुझ्या भल्यासाठी. "नव्हतं वाटत," मी म्हणाले.

तिने मान डोलावली. मुलुंड आलं. घरी तिने लाकडी कंपास माळ्यावर ठेवला नाही, दाराआड उभा करून ठेवला. मुलाला सगळं मीच सांगितलं. तो आधी हसला, मग बायकोचा चेहरा पाहून ताटं घ्यायला उठला. पुढचे दहा दिवस ती माझ्याशी नीट वागली. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. बी.एड.ची पुस्तकं तिने कपाटातून काढून दिवाणाखाली एका खोक्यात भरली. खोकं बांधलं नव्हतं. मी रोज केर काढताना बघायची, बांधलंय का.

त्या संस्थेत अजून पत्र पाठवतात. अकराव्या दिवशी दुपारी कुरिअरवाला आला. घरात मी एकटी. पाकिटावर शाळेचा शिक्का, चाचपलं तर आत एकच पातळ कागद. सून नातीला शाळेतून आणायला गेली होती. यायला तासभर तरी होता.

त्या तासाएवढा लांब तास मी शाळेतही घेतला नाही. पाकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि समोर बसले. नकार असेल तर तिने उभ्या उभ्या, चपला घातलेल्या असताना, पोरीसमोर वाचायचा का? आधी मी वाचलं तर निदान पाणी तरी देता येईल. गोंद कोपऱ्यात सुटलेलाही होता. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, शेवटच्या बाकावर ठेवले होते तसे, आणि बसून राहिले. एकदा मात्र उठले. ट्यूबलाइट लावली आणि पाकीट तिच्याखाली धरलं. कागदाची घडी आत होती, अक्षरावर अक्षर आलेलं, एक ओळ वाचता आली नाही.

सून आली. पाकीट पाहिलं. दप्तर खाली ठेवलं आणि उभ्यानेच फाडलं. वाचताना तिचा चेहरा तसाच राहिला आणि मला वाटलं, संपलं. मग ती खुर्चीवर बसली आणि कागद माझ्याकडे सरकवला. येत्या सोमवारपासून रुजू व्हावं, सातवी ब. खाली मुख्याध्यापिकांच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: पाठासाठी लागणारी साधनं शाळेची वापरावीत, घरून कोणी येण्याची आवश्यकता नाही.

ती ओळ मी दोनदा वाचली. मान वर केली तर सून पाकिटाचा सुटलेला कोपरा बघत होती. मग तिने वर पाहिलं. दिवसाढवळ्या ट्यूबलाइट चालू होती.

"उजेडात धरून पाहिलंत ना?"

"काही दिसलं नाही गं," मी म्हणाले.

तिने उठून दिवा बंद केला, दिवाणाखालचं खोकं पायाने बाहेर ओढलं आणि मला म्हणाली की बसलाच आहात तर पुस्तकं पुसून द्या, मी चहा टाकते.